कोणता एल्फिन्स्टन ?

यंदाच्या सहामाही परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपाशीत असतां नववीच्या एका विद्यार्थ्याचें उत्तर आमच्या हातीं आलें, तें येथें सारांशानें देतों. एल्फिन्स्टन साहेब हा पुण्याचा रेसिडेंट होता, त्यानें पेशवाई बुडविली, १८१९ सालीं तो मुंबईचा गव्हर्नर झाला, १८४२ सालीं काबूलच्या स्वारींत सर्व सैन्य गमावून तो अफगाणांच्या कैदेंत मरण पावला, आणि १८५७ च्या उठावांत त्यानें मुंबई शांत राखली. अक्षर स्वच्छ होतें, सालें बिनचूक होतीं. चुकीचा होता तो केवळ 'तो' हा एक शब्द. मेलेल्या माणसानें पंधरा वर्षांनीं उठून मुंबईचा बंदोबस्त केला, याचें त्या मुलाला कांहींच नवल वाटलें नव्हतें. आणि खरें सांगावयाचें तर पहिल्या वाचनांत आम्हांसहि वाटलें नाहीं. तीन गुण देऊन आम्ही पुढच्या प्रश्नाकडे वळलों होतों, मग थबकलों.

त्या उत्तरांत एक नव्हे, तीन माणसें होतीं. पहिला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, जन्म १७७९. स्कॉटलंडांतील एल्फिन्स्टन घराण्याच्या अकराव्या लॉर्डाचा हा चौथा मुलगा. १८११ पासून तो पुण्यास रेसिडेंट होता. १८१५ सालीं पंढरपुरास गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा खून झाला, तेव्हां त्रिंबकजी डेंगळ्यास आमच्या हवालीं करा म्हणून बाजीरावाच्या मागें हात धुऊन लागला तो हाच. त्रिंबकजीस आणून ठेविलें तें आपल्या शेजारच्या ठाण्याच्या किल्ल्यांत, जेथें आज तुरुंग आहे. १८१६ च्या सप्टेंबरांत त्रिंबकजी तेथून निसटला. खिडकीखालीं घोड्यास खरारा करणारा मोतद्दार गाण्यांतून त्यास निरोप कळवी, ही कथा ठाणें जिल्ह्यांतल्या मुलांना सांगावयास नको. पुढें ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीची लढाई झाली, त्या दिवशीं संगमावरील रेसिडेन्सी जळाली व तींतील साहेबाचा ग्रंथसंग्रहहि जळाला. १८१९ ते १८२७ पर्यंत तो मुंबईचा गव्हर्नर होता. राज्य घेणारा हात हाच, आणि शाळा उघडणाराहि हाच. तो जावयास निघाला तेव्हां मुंबईच्या लोकांनीं वर्गणी जमवून त्याच्या नांवें अध्यापकांच्या जागा निर्माण करण्याचें ठरविलें, व त्यांतूनच पुढें एल्फिन्स्टन कॉलेज उभें राहिलें. १८४१ सालीं त्यानें हिंदुस्थानचा इतिहास प्रसिद्ध केला आणि १८५९ सालीं तो विलायतेंत आपल्या घरीं वारला.

काबूलांत मेला तो त्याचा चुलतभाऊ, विल्यम जॉर्ज कीथ एल्फिन्स्टन. वॉटर्लूच्या लढाईंत एका पलटणीचें नायकत्व केलेला हा सेनापति काबूलास आला तोंवर प्रकृतीनें खचला होता. १८४२ च्या जानेवारींत सुमारें साडेचार हजार सैनिक आणि बारा हजारांवर नोकरचाकर व बायकामुलें घेऊन तो बर्फांतून निघाला. त्यांत बहुतेक सारे आपल्या देशांतलेच लोक होते. आठवड्याच्या शेवटीं ब्रायडन नांवाचा एक डॉक्टर जखमी स्थितींत जलालाबादेस पोंचला. पुढें कांहीं कैदी सुटले, कांहीं वाट चुकलेले शिपाई परतले. बाकीचे खिंडींतच राहिले. सेनापति त्याच वर्षीं एप्रिलांत कैदेंत वारला. आमच्या विद्यार्थ्याचा घोटाळा व्हावा हें स्वाभाविकच होतें, कारण माउंटस्टुअर्टहि १८०८ सालीं काबूलच्या राजाकडे वकील म्हणून निघाला होता, पेशावरास त्या राजाला भेटला होता, आणि त्या देशावर त्यानें मोठा ग्रंथ लिहिला होता. एका भावानें काबूलचें पुस्तक लिहिलें, दुसऱ्यानें काबूलांत सैन्य घालविलें.

तिसरा जॉन, एल्फिन्स्टन घराण्याचा तेरावा लॉर्ड, माउंटस्टुअर्टचा पुतण्या. हा प्रथम १८३७ ते १८४२ मद्रासचा गव्हर्नर होता व मग १८५३ पासून १८६० पर्यंत मुंबईचा. १८५७ सालीं मुंबईंत उठाव पसरूं दिला नाहीं व येथील फौज उत्तरेस पाठविली म्हणून सरकारदरबारीं त्याची वाहवा झाली. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत मुंबईच्या मैदानावर दोन हिंदी शिपायांस तोफेच्या तोंडीं देण्यांत आलें, तेंहि याच्याच कारकीर्दींत.

हा तिसरा एल्फिन्स्टन आमच्या विशेष लक्षांत राहण्याचें कारण आहे. परळ स्टेशनाला लागूनच पश्चिम रेल्वेवर एल्फिन्स्टन रोड नांवाचें स्टेशन होतें. लोक त्यास एलफिस्टन म्हणत. सहल मुंबईस नेतांना त्या पाटीकडे बोट दाखवून आम्ही मुलांना सांगत असूं कीं, ज्यानें मुंबई इलाख्यांत शिक्षणाचा पाया घातला त्या थोर गृहस्थाचें हें स्मारक. हें आम्हीं एकदोन वेळां नव्हे, चौदा वर्षें सांगितलें. वस्तुतः तें नांव पुतण्याचें होतें, चुलत्याचें नव्हतें. चौदा वर्षांत ऐकणाऱ्या मुलांची संख्या मनांत आणली म्हणजे अजूनहि आमचें आम्हांस ओशाळें वाटतें.

२०१८ च्या जुलैंत त्या स्टेशनाचें नांव प्रभादेवी झालें. नामांतरास आमचा विरोध नव्हता व नाहीं. प्रभादेवीचें देऊळ त्या वस्तींत रेल्वेच्या पुष्कळ आधींपासून आहे. देवीच्या वस्तीनें देवीचें नांव घ्यावें यांत वावगें तें काय? आम्हांस खटकली ती निराळीच गोष्ट. त्या दिवसांत आमच्या परिचयाच्या मंडळींत जो वाद झाला त्यांत पाटी ठेवा म्हणणारे म्हणत, यानें आम्हांस शाळा दिल्या. पाटी काढा म्हणणारे म्हणत, यानें पेशवाई बुडविली. दोन्ही पक्ष तावातावानें भांडत होते ते माउंटस्टुअर्टविषयीं. ज्याची पाटी होती त्या जॉनचा उल्लेख कोणाच्याहि तोंडीं आला नाहीं. त्यानें ना पेशवाई बुडविली, ना शाळांचा पाया घातला. त्याचा न्याय करावयाचा तर १८५७ सालचें दप्तर उघडावयास पाहिजे होतें, त्या दोन शिपायांस साक्षीस उभें करावयास पाहिजे होतें. निकाल कदाचित् योग्यच लागला असेल. परंतु खटला ज्याच्यावर चालला तो आरोपीच दुसरा होता.

आता कोणी म्हणेल, आडनांव एक म्हणून माणूस एक असें समजण्याइतकीं आपलीं मुलें भोळीं आहेत काय ? मुळींच नाहींत. आमच्या वर्गाचा हजेरीपट पाहा. पाटील सात, भोईर पांच, म्हात्रे चार, अन्सारी नऊ, शेख सहा. नुसतें 'पाटील' म्हणून हांक मारली तर सात 'हजर' एकदम उठतात आणि वर्गांत हंशा पिकतो. काल्हेरचा पाटील कोणता, अंजूरचा कोणता, कोणाचा बाप गोदामाचा मालक आणि कोणाचा बाप त्याच गोदामावर पहारेकरी, हें मुलांना मुखोद्गत असतें. परंतु साहेबाचें नांव आलें कीं हें सारें शहाणपण बाकाखालीं जातें. साहेब तेवढे सारे एक !

आडनांवबंधूंच्या घोटाळ्यांत माणसाचें काय होतें हें आमच्या गांवांत आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. आमच्या एका माजी विद्यार्थ्याचे वडील यंत्रमागावर काम करतात. त्यांना एके दिवशीं थकलेल्या कर्जाची नोटीस आली. त्यांनीं जन्मांत कर्ज काढलेलें नव्हतें. तालुक्यांत त्यांच्याच नांवाचा, त्यांच्याच वडिलांच्या नांवाचा दुसरा एक गृहस्थ होता, आणि नोटीस त्याची होती. आपण तो नव्हे एवढें पटवून देण्यासाठीं या गरीब माणसाला रेशनकार्ड, जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला घेऊन आठ वेळां हेलपाटे घालावे लागले. आठ पाळ्या बुडाल्या, आठ दिवसांची मजुरी गेली. शाळा सोडल्याचा दाखला आम्हींच लिहून दिला होता, म्हणून हें आम्हांस ठाऊक. जिवंत माणसाची ही गत, तर मेलेल्यानें कोणत्या खिडकीशीं जाऊन दाखला दाखवावा ?

स्कॉट लोकांचीं आडनांवेंहि आपल्या आडनांवांच्याच जातीचीं आहेत. एल्फिन्स्टन हें एका गांवाचें नांव. घराणें त्या गांवचें म्हणून तें आडनांव पडलें, जसें आपल्याकडे पुणेकर किंवा चिपळूणकर. डफ म्हणजे त्यांच्या जुन्या भाषेंत काळा. तेव्हां डफ साहेबास आपण निःशंकपणें काळे म्हणावें. विल्सन म्हणजे विलचा मुलगा. शिवाय पहिल्या मुलास आजोबांचें नांव ठेवण्याची चाल तिकडेहि आहे, त्यामुळें आडनांवच नव्हे, नांवहि तेंच तें फिरून येतें. एल्फिन्स्टनांचे अकरावे, बारावे व तेरावे लॉर्ड, तिघेहि जॉनच. आणि कधीं कधीं नांव घराण्याबाहेरहि उडी मारतें. जेम्स ग्रँट डफ या इतिहासकारानें आपल्या मुलाचें नांव आपल्या जुन्या वरिष्ठावरून माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन असें ठेविलें. हा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ग्रँट डफ १८८१ ते १८८६ पर्यंत मद्रासचा गव्हर्नर होता. एका माणसाच्या नांवांत तीन घराणीं ! आमच्या नववीच्या वर्गांत हा गृहस्थ अद्यापि शिकवावा लागत नाहीं, हें आमचें सुदैव.

त्याच्या वडिलांचेंहि नांव सरळ नव्हतें. ते मूळचे जेम्स ग्रँट. आईकडील इस्टेट मिळाली तेव्हां डफ हें आडनांव जोडलें गेलें. १८१८ ते १८२२ पर्यंत साताऱ्यास छत्रपति प्रतापसिंह महाराजांच्या दरबारीं ते रेसिडेंट होते, आणि १८२६ सालीं त्यांचा मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत निघाला. त्या इतिहासांतील उणिवा नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनीं तरुणपणींच दाखवून दिल्या, त्या महाराष्ट्रास माहीत आहेत. दुसरे डफ म्हणजे पाद्री अलेक्झांडर डफ. दोनदां जहाज फुटून १८३० सालीं ते कलकत्त्यास पोंचले, राममोहन रॉय यांच्या साहाय्यानें त्यांनीं तेथें शाळा काढली. मराठ्यांच्या इतिहासाशीं त्यांचा कांहीं संबंध नाहीं.

असें असतां कांहीं वर्षांपूर्वीं एका वक्तृत्वस्पर्धेंत आम्ही परीक्षक म्हणून बसलों होतों, तेव्हां एका तरुण वक्त्यानें ठासून सांगितलें कीं, डफ नांवाच्या पाद्र्यानें आमच्या पूर्वजांस लुटारू ठरविलें. टाळ्यांचा कडकडाट झाला. आम्ही ख्रिस्ती, आमचा चेहरा उतरला असेल तर नवल नाहीं. इतिहास लिहिणारा सैनिक होता, पाद्री नव्हता, हें उठून सांगावें असें मनांत आलें. तोंच दुसरी एक आठवण झाली आणि जीभ आवरली. पूर्वीं आमच्याच मंडळींची एक सहल भंडारदऱ्यास गेली होती. तेथील धरणास विल्सन धरण म्हणतात. बरोबरच्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनीं मुलांना जवळ घेऊन मोठ्या अभिमानानें सांगितलें कीं, हें आपल्या विल्सन साहेबांच्या नांवाचें, ज्यांनीं मुंबईस कॉलेज काढलें. वास्तविक १९२६ सालीं पुरें झालेल्या त्या धरणास नांव आहे तें लेस्ली विल्सन या त्या वेळच्या मुंबईच्या गव्हर्नराचें. पाद्री विल्सन १८७५ सालींच निवर्तले होते. आम्हांस हें तेव्हांहि ठाऊक होतें. आम्ही बोललों नाहीं. वडीलधाऱ्यांचा मान राखला असें त्या वेळीं मनाशीं म्हटलें. पण खरें कारण तें नव्हतें. जी चूक आपल्याला मान देते ती कानाला गोड लागते, तिच्यासाठीं कोणी उठत नाहीं. मग त्या तरुण वक्त्यावर रागावण्याचा आम्हांस अधिकार तो किती ?

विल्सन या आडनांवाचा तर बाजारच भरलेला आहे. डॉक्टर जॉन विल्सन यांचा जन्म १८०४ सालीं स्कॉटलंडच्या सरहद्दीवरील लॉडर गांवीं झाला. ते १८२९ त मुंबईस आले, त्यांच्या पत्नी मार्गारेट यांनीं मुलींच्या शाळा काढल्या, त्यांनीं स्वतः १८३२ त शाळा काढली, तिचें पुढें विल्सन कॉलेज झालें. गिरनारच्या अशोकाच्या लेखांविषयीं त्यांनीं परिश्रम केले. त्यांच्या पाठोपाठ, १८०५ सालीं, त्याच सरहद्दीवरील हॉइक गांवीं दुसरा एक विल्सन जन्मला. त्याचें नांव जेम्स. हा टोपीवाल्यांच्या धंद्यांतून वर आला, 'इकॉनॉमिस्ट' हें पत्र त्यानें १८४३ त काढलें, १८५९ च्या अखेरीस हिंदुस्थानचा जमाखर्च पाहण्यास तो कलकत्त्यास आला, १८६० सालीं त्यानें या देशांत प्राप्तीवरील कर बसविला, आणि त्याच वर्षीं ऑगस्टांत तो तेथेंच आजारानें वारला. मार्च महिन्यांत शिक्षकांच्या खोलींत ज्या विल्सनचा उद्धार होतो तो हा. कॉलेजच्या विल्सनचा त्यांत कांहीं अपराध नाहीं. यांशिवाय मेघदूताचें भाषांतर करणारे संस्कृत पंडित होरेस विल्सन निराळे. ते इंग्रज होते, म्हणून त्यांस येथेंच सोडतों.

ग्रँटविषयींहि दोन शब्द. ग्रँट रोड व ग्रँट मेडिकल कॉलेज हीं नांवें सर रॉबर्ट ग्रँट यांचीं. ते १८३५ पासून मुंबईचे गव्हर्नर होते व १८३८ त पुण्याजवळ दापोडीस वारले. विलायतेच्या पार्लमेंटांत यहुदी लोकांस नागरिकांचे हक्क मिळावेत म्हणून त्यांनीं बिल आणलें होतें. ते स्तोत्रेंहि लिहीत, आणि त्यांचें एक स्तोत्र इंग्रजी उपासनांत अजून गाइलें जातें. साताऱ्याच्या ग्रँटाशीं त्यांची गल्लत होते तशी आमच्या शाळेंत तिसऱ्याच एका ग्रँटाशीं होते. ती ग्रँट सरकारांतून यावयाची असते, आणि तिच्या नांवानें कॉलेज निघालें असेल असें एका मुलानें प्रामाणिकपणें लिहिलें होतें. त्यास आम्हीं अर्धा गुण दिला. मुख्याध्यापकांनीं तो वाचून पूर्ण द्या म्हटलें.

येथवर हंसण्यासारखें होतें. आतां सांगतों तें तसें नाहीं. आमच्या वर्गांत एक मुलगा आहे, मूळचा खानदेशांतला, शिरपूर तालुक्यांतला. त्याचे वडील येथें गोदामांत हमाली करतात. गेल्या वर्षीं विदर्भांतील जुन्या शिक्षणसंस्थांचा पाठ चालला असतां नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजचें नांव आलें. मुलगा उभा राहिला व म्हणाला, "सर, आमच्या थाळनेरच्या किल्लेदाराला फांशीं देणारा हिस्लॉप तोच का हा ?"

आम्हीं म्हटलें, "नव्हे रे, तो दुसरा."

"कशावरून, सर ?"

आम्हांस उत्तर देतां येईना. मिशनरी माणसाच्या हातून असें व्हावयाचें नाहीं, एवढाच आमच्याजवळ पुरावा होता, आणि तो पुरावा नव्हे. वर्ग आमच्या तोंडाकडे पाहात होता. "उद्यां सांगतों" म्हणून आम्हीं पुस्तक मिटलें. उद्यांचा परवां झाला, परवांचा तेरवा. तिसऱ्या दिवशीं आम्हीं फळ्यावर दोन रकाने आंखले.

पहिल्या रकान्यांत सर टॉमस हिस्लॉप. मुंबईच्या सेनापतिपदावर येत असतां १८१२ सालीं वाटेंत त्याचें जहाज अमेरिकेच्या लढाऊ जहाजानें पकडलें, ही एक गंमतीची गोष्ट. पुढें तो मद्रासचा सेनापति झाला. २१ डिसेंबर १८१७ रोजीं क्षिप्रेच्या कांठीं महिदपूरची लढाई झाली, तींत होळकरांच्या फौजेचा पाडाव करणारा सेनापति हाच. जानेवारींत मंदसोरचा तह झाला व होळकरांनीं खानदेशांतील किल्ले सोडले. तापीकांठचें थाळनेर त्यांतलेंच. २७ फेब्रुवारी १८१८ रोजीं हिस्लॉप तेथें पोंचला, तेव्हां किल्ल्यांतून गोळी आली. तोफा चालल्या, मग शरण येण्याचें बोलणें सुरू झालें. दरवाजाशीं बोलणें चालू असतांच झटापट झाली, इंग्रजांचे अंमलदार पडले. त्यानंतर किल्ल्यांतील सुमारें तीनशें माणसांची कत्तल झाली. किल्लेदार तुळशीराम मामा आधींच स्वाधीन झाला होता. त्याला त्याच दिवशीं फांशीं दिलें. तहाची बातमी त्याला खरी वाटली होती कीं नव्हती, दरवाजाशीं काय झालें त्यांत त्याचा हात होता कीं नव्हता, याची चौकशी करण्याइतकीहि सवड कोणी घेतली नाहीं. विलायतेच्या पार्लमेंटांतसुद्धां या फांशीविषयीं प्रश्न उठले.

दुसऱ्या रकान्यांत पाद्री स्टीफन हिस्लॉप. जन्म ८ सप्टेंबर १८१७, स्कॉटलंडांतील डन्स गांवीं. १८४५ सालीं ते नागपुरास आले व त्यांनीं तेथें शाळा काढली. नागपूरच्या आसपासचे दगड फोडून त्यांतील पुरातन वनस्पतींचे व प्राण्यांचे अवशेष त्यांनीं गोळा केले. एका खनिजास त्यांच्यावरून हिस्लॉपाइट असें नांव आहे. गोंड लोकांची भाषा व चालीरीति यांविषयीं त्यांनीं लिहून ठेविलेले कागद त्यांच्या मागून १८६६ त छापले गेले. ४ सप्टेंबर १८६३ रोजीं टाकळघाटाकडील जुनीं शिलावर्तुळें पाहून परततांना बोरीजवळ पूर आलेल्या ओढ्यांत ते घोड्यासह गेले. त्यांच्या नांवाचें कॉलेज निघालें तें १८८३ सालीं.

दोन्ही रकाने लिहून आम्ही खडू ठेवला. खानदेशचा मुलगा बोटांवर कांहीं मोजीत होता. मग म्हणाला, "सर, म्हणजे थाळनेरच्या वेळीं नागपूरचा हिस्लॉप साडेपांच महिन्यांचा होता." आम्हांस तीन दिवस लागले तें त्यानें एका वाक्यांत उरकलें. खालीं बसतांना तो आणखी एक वाक्य बोलला : "मग पाटीवर स्टीफन लिहायला काय होतं ?"

तेंच आमचेंहि म्हणणें आहे. पाठ्यपुस्तकांत 'एल्फिन्स्टननें अमुक केलें', 'डफ म्हणतो' अशीं वाक्यें असतात. तेथें पहिल्या उल्लेखास तरी पूर्ण नांव व सालें द्यावींत. ज्या संस्थांना, रस्त्यांना, धरणांना अशीं नांवें आहेत त्यांच्या दरवाजाशीं एक ओळ खोदून ठेवावी : हा कोण, कोठला, केव्हांचा. ज्यांना तीं नांवें काढावयाचीं असतील त्यांनींहि ठरावांत पूर्ण नांव लिहावें, म्हणजे काढलें कोणाला हें पुढच्या पिढीस कळेल. मुंबईच्या एल्फिन्स्टन सर्कलचें हॉर्निमन सर्कल झालें, तेव्हां गेलें तें नांवहि पुतण्या जॉनचेंच होतें. नवें नांव आलें तें स्वराज्याच्या बाजूनें लिहिलें म्हणून १९१९ सालीं हद्दपार झालेल्या संपादक हॉर्निमन यांचें. हा बदल चांगला झाला असें आम्हांस वाटतें. पण तेथून जाणाऱ्या किती जणांस यांतला एक तरी माणूस ठाऊक आहे ?

साहेब जाऊन पाऊणशें वर्षें लोटलीं, आतां त्यांच्या नांवांचा कीस कशाला काढतां, असें आमचे एक सहकारी नेहमीं म्हणतात. साहेबांसाठीं आम्ही हा खटाटोप करीत नाहीं. पाद्री हिस्लॉपांवर आळ येऊं नये हें आम्हांस वाटतें, तें खोटें नाहीं. पण त्याहून अधिक वाटतें तें दुसऱ्या रकान्याविषयीं नव्हे, पहिल्याविषयीं. सारे हिस्लॉप एक केले, सारे एल्फिन्स्टन एक केले, कीं फांशीं देणारा माणूस शाळा काढणाऱ्याच्या आड दडतो. कोणी एका साहेबानें थाळनेरच्या किल्लेदाराला मारलें असें म्हटलें कीं मारणारा कोणीच राहात नाहीं. तुळशीराम मामाचा जाब ज्याला द्यावयाचा आहे तो टॉमस हिस्लॉप आहे, २७ फेब्रुवारी १८१८ ही त्याची तारीख आहे, आणि त्याच्या नांवापुढें दुसऱ्या कोणाचेंहि पुण्य जमा होऊं देतां कामा नये. काबूलच्या खिंडींत राहिलेल्या शिपायांचें तसेंच, मुंबईच्या मैदानावरील त्या दोघांचेंहि तसेंच.

यंदाची सहल डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यांत मुंबईस नेण्याचें ठरलें आहे. हॉर्निमन सर्कलसमोर जुना टाउन हॉल आहे, जेथें एशियाटिक सोसायटीचें ग्रंथालय आहे. डॉक्टर जॉन विल्सन एके काळीं याच सोसायटीचे अध्यक्ष होते. त्या इमारतींत माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन व लॉर्ड जॉन एल्फिन्स्टन, चुलता व पुतण्या, या दोघांचेहि संगमरवरी पुतळे एकाच छपराखालीं आहेत. मुलांनीं वही व पेन्सिल बरोबर आणावी, आणि दोहोंपुढें उभें राहून कोणता कोणता हें स्वतः शोधून काढावें. आम्ही यंदा बोट दाखविणार नाहीं. खानदेशच्या मुलानें नांव पहिल्याच दिवशीं नोंदविलें. तेथें हिस्लॉपचा पुतळा आहे का, असें त्यानें विचारलें. त्यांची नांवें त्या यादींत नाहींत, असें आम्हीं सांगितलें. "मग मी आधीं जॉनला शोधतों," तो म्हणाला.